वाचकांचे प्रश्न : एक एलिमेंट बोलला की शेजारचा का थरथरतो?

या खेपेला आलेल्या पत्रांतली चार पत्रं एकाच दुखण्याभोवती, म्हणजे क्रॉसटॉकभोवती (एकाचा सिग्नल शेजारच्यात उतरणं) फिरणारी निघाली, म्हणून ती एकत्र घेतलीत. पहिलं पत्र मोठं आहे आणि त्याचं उत्तरही मोठंच द्यावं लागणार.

प्रश्न : सर, आम्ही हायड्रॉलिक सिलिंडरच्या वेल्डिंगची तपासणी फेज्ड अ‍ॅरे मशीननं करतो. प्रोब ५ मेगाहर्ट्झचा, ६४ एलिमेंटचा, खाली ५५ अंशाचा वेज. गेल्या पावसाळ्यापासून स्क्रीनवर वरच्या बाजूला धुरासारखा एक पट्टा दिसालाय आणि ६० अंशाच्या पुढं सिग्नल पडतोय. प्रोब विकणारे म्हणतात आत क्रॉसटॉक वाढलाय, नवीनच घ्या. मालकाला एवढा खर्च सांगायचा कसा? खरंच असं काही असतंय काय, का आम्हाला गुंडाळालेत?
— एक क्वालिटी इन्स्पेक्टर, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : असतंय की. बाकीच्या वाचकांसाठी दोन शब्द: हे मशीन आवाजाच्या लाटांनी धातूच्या आत बघतं, प्रोब म्हणजे तपासायच्या भागावर (जॉबवर) टेकवायचं त्याचं तोंड, एलिमेंट म्हणजे त्यातले आवाज काढणारे बारीक तुकडे, ते थोडे पुढंमागं वाजवून आवाजाचा झोत (बीम) हव्या कोनात वळवतात, आणि वेज म्हणजे प्रोबखालचा तिरका ठोकळा. क्रॉसटॉक खरा आहे, आणि अगदी कोऱ्या प्रोबमध्ये पण तो थोडा असतोच. पण तो किती आहे आणि कुठल्या वाटेनं येतोय हे बघितल्याशिवाय प्रोब बदलायला सांगणं मला पटत नाही, कारण एका वाटेचं दुखणं बऱ्याचदा तुमच्याच टेबलावर बरं होतंय.

बेळगावच्या वडगाव-खासबागेत, विणकरांच्या वस्तीत, ज्यांचं लहानपण गेलंय त्यांना हे पटकन कळेल. शेजारच्या घरात पॉवरलूम सुरू झाला की आपल्या घरात दोन गोष्टी व्हायच्या. बल्ब क्षणभर मिणमिणायचा, आणि फरशीवर तांब्या ठेवलेला असला तर त्यातल्या पाण्यावर बारीक बारीक रेघा उठायच्या. बल्ब मिणमिणला तो तारेतून आणि पाणी हललं ते जमिनीतून, माग एकच पण वाटा दोन. प्रोबमधला क्रॉसटॉक डिट्टो असाच आहे, एक विजेचा आणि एक थरथरीचा.

आता आत काय असतंय ते बघा. पीझेडटी नावाच्या सिरॅमिकची एक चपटी पट्टी असते. हे सिरॅमिक दाबलं की त्यात वीज तयार होते आणि वीज दिली की त्याचा आकार बदलतो. दाबल्यावर वीज येते हे पिएर आणि झाक या क्युरी भावांनी १८८० मध्ये क्वार्ट्झसारख्या स्फटिकांवर दाखवलं, उलटंही होणारच हे लिपमन यांनी १८८१ मध्ये गणितानं सांगितलं आणि मग क्युरी भावांनी तेही करून दाखवलं. तर त्या पट्टीला हिऱ्याचे कण बसवलेल्या पातळ चकतीनं समांतर चिरा पाडतात, म्हणजे एका पट्टीच्या ६४ काड्या होतात, प्रत्येकीला वेगळी तार. एक काडी म्हणजेच एक एलिमेंट. तुमच्या प्रकारच्या प्रोबमध्ये एका काडीच्या मध्यापासून पुढच्या काडीच्या मध्यापर्यंत साधारण ०.६ मिलिमीटर अंतर असतं आणि मधली चीर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, कधी त्याहून बारीक. भिंगाखाली बघितलं तर शाळेतल्या पट्टीवरच्या मिलिमीटरच्या खुणांपेक्षा दाट अशा रेघा दिसतात. चिरेत मऊ इपॉक्सी (एक प्रकारचा गोंद) भरतात, मागं टंगस्टनची पूड घातलेला जड इपॉक्सीचा ठोकळा आणि पुढं, आवाज बाहेर नीट जावा म्हणून, पाव तरंगलांबी जाडीचा मॅचिंग लेयर.

वीज एकाच काडीला दिली. ती उंचीनं वाढली की कुशीत बारीक होते, आखडली की कुशी बाहेर फुगतात, कणकेचा गोळा वरून दाबला की बाजूनं फुगतो तसं. कूस हलली की चिरेतला इपॉक्सी हलतो, इपॉक्सी हलला की शेजारची काडी दाबली जाते, आणि दाबली गेली की ती पण वीज तयार करते. वर पुन्हा मागचा ठोकळा आणि पुढचा थर सगळ्यांना सामायिकच. पुढच्या थराला चिरा पाडलेल्या नसतील तर त्यातून आडवी लाट पळते आणि ती वाटेतल्या प्रत्येक काडीला हलवत जाते. माझ्या अनुभवात थरथरीच्या क्रॉसटॉकचा सगळ्यात त्रासदायक रस्ता हा पुढचा थरच, चिरेतला इपॉक्सी त्याच्या मागनं.

विजेची वाट वेगळी. ६४ बारीक तारा एका केबलमध्ये शेजारी शेजारी पळतात, पुढं एका कनेक्टरमध्ये दाटीवाटीनं पिना. दोन तारांत कपॅसिटन्स असतोच, म्हणजे एकमेकींना न टेकताही एकीतला सिग्नल दुसरीत थोडा उतरतो. प्रत्येक तारेच्या भोवतीचं शिल्ड, म्हणजे धातूचं आवरण, शाबूत असेल तर तो आवरलेला राहतो, शिल्ड तुटलं, अर्थिंग सैल झालं किंवा पिनांमध्ये ओल शिरली की एकीचा सिग्नल दुसरीत उतरतो.

मग ओळखायचं कसं? वेळ बघून. माझं सगळं सांगणं या एका शब्दात आहे.

वीज तारेतून जवळपास त्याच क्षणी पोचते, पहिल्या शेजाऱ्याला पोचली तशीच विसाव्याला पण. थरथरीला मात्र चालत जावं लागतंय. इपॉक्सीसारख्या थरात तिचा वेग सेकंदाला साधारण २५०० मीटर धरा. मग ०.६ मिलिमीटरला ०.२४ मायक्रोसेकंद, दहाव्या काडीला २.४ आणि विसाव्याला ४.८ मायक्रोसेकंद. तुमच्या मशीनमध्ये ट्रान्समिट एका एलिमेंटवर आणि रिसिव्ह दुसऱ्यावर असं लावता येत असेल तर प्रोब वेजवरून काढा, तोंड कोरडं पुसा आणि हवेत धरून ३२ नंबरचा एलिमेंट फायर करा, म्हणजे त्याला वीज देऊन वाजवा, मग ३३, ३४, ३५ असं एकेक ऐकत जा. पहिल्या एकदोन शेजाऱ्यांवर काही कळणार नाही, कारण ५ मेगाहर्ट्झचं एक आवर्तनच ०.२ मायक्रोसेकंदाचं आणि पल्स दोनतीन आवर्तनांचा, सगळं एकमेकांत मिसळतं. लांबचे एलिमेंट बघा. सिग्नल दर एलिमेंटगणिक थोडा थोडा मागं सरकत गेला तर ती थरथर, आणि सगळीकडं शून्य वेळेलाच चिकटून बसला तर ती वीज. ही चाचणी लोखंडी ब्लॉकवर ठेवून करू नका, लोखंडाच्या पृष्ठभागावरून पळणारी लाट पण त्याच सुमाराला येते आणि कोण कुठनं आलं ते कळत नाही.

मशीनमध्ये एफएमसी (फुल मॅट्रिक्स कॅप्चर) असेल तर आणखी सोपं. त्यात प्रत्येक एलिमेंट फायर करून सगळ्यांवर ऐकलेलं असतं, ६४ गुणिले ६४ म्हणजे ४०९६ सिग्नल. लोक ते टीएफएमचं (टोटल फोकसिंग मेथड, प्रत्येक बिंदूवर फोकस केलेलं) चित्र काढायला वापरतात आणि सुरुवातीचे काही मायक्रोसेकंद टाकून देतात, पण क्रॉसटॉकचा सगळा हिशोब त्या टाकलेल्या तुकड्यातच असतो.

किती असला तर जास्त म्हणायचं? फायर केलेल्या एलिमेंटच्या मानानं शेजारच्यावर शंभरात तीन भाग व्होल्टेज आलं तर ते साधारण उणे ३० डेसिबल, शंभरात एक म्हणजे उणे ४०, शंभरात दहा म्हणजे उणे २०. उणे ३० किंवा त्याच्या खाली असेल तर मी प्रोबला दोष देणार नाही, उणे २० च्या आसपास गेलं तर दुखणं आहे.

आणि एक खूण, ही मला पुस्तकातनं नाही तर हातानं कळली. काही वर्षांमागं आषाढातल्या पावसात एका वर्कशॉपमधला प्रोब माझ्याकडं आला. ३२ नंबर फायर केला तर ३३ शांत आणि ४० नंबर मात्र ओरडतोय. थरथर असती तर ती ३३ ला आधी हलवून मगच ४० कडं गेली असती, शेजाऱ्याला सोडून आठ घरं पलीकडं ती कशी जाईल? कनेक्टर उघडून पिनांचा नकाशा बघितला तर ३२ आणि ४० पिनांमध्ये एकमेकांशेजारी. पिनांवर हिरवट डाग होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं त्या पुसल्या, कनेक्टर रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात बंद ठेवला, सकाळी मोजलं तर साताठ टक्क्यांचा सिग्नल दोन टक्क्यांच्या आत आलेला. तुमचं दुखणं पावसाळ्यापासूनचं आहे म्हणता म्हणून हे एवढं सविस्तर सांगितलं. आपल्याकडं, त्यातनं खानापूरच्या बाजूला, जून ते सप्टेंबर हवेत जी ओल असते तिच्यात कनेक्टर उघडा टांगून ठेवू नका, टोपण लावा. फक्त वाळवायला म्हणून गरम हवेचा झोत मारू नका, प्रोबच्या आतले चिकटवलेले थर सुटतात.

पण थांबा, क्रॉसटॉकच्या आधी दुसरे संशयित तपासा, कारण तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणं दुसऱ्या कारणानं पण येतात. तो धुराचा पट्टा, प्रोब जॉबवर पुढं मागं सरकवला तरी जागचा हलत नाही ना? मग तो जॉबमधला नाहीच, वेजमधला किंवा प्रोबमधला. वेजच्या पुढच्या उतारावर आणि कडेला कपलंट (आवाज पुढं जावा म्हणून मधे लावायचं जेल) लावलेलं बोट दाबून फिरवा, पट्टा कुठं फिका झाला तर वेजमधलीच लाट फिरून परत येतीय असं समजा. दुसरं, प्रोब आणि वेज यांच्या मधलं कपलंट शेवटचं कधी बदललं? ते वाळून हवेचे बुडबुडे धरतं आणि काही एलिमेंट अर्धे मुके होतात, निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. तिसरं, एकही एलिमेंट मेलेला नाही ना हे वेज काढून, प्रोब साध्या सपाट ब्लॉकवर ठेवून, एकेक एलिमेंटचा तळाचा एको, म्हणजे तळावरून परत फिरलेला आवाज, बघून तपासा. एएसटीएम ई२४९१ या मानकात फेज्ड अ‍ॅरेच्या अशा चाचण्या दिलेल्या आहेत, ऑडिटला पण त्या उपयोगी पडतात.

६० अंशाच्या पुढं सिग्नल पडणं थोडं स्वाभाविकच आहे, ५५ च्या वेजवरून ७० ला बीम न्यायचा म्हणजे ताण येणारच, त्यासाठीच तर कोनागणिक गेन (सिग्नल वाढवायचं प्रमाण) भरून काढायचं कॅलिब्रेशन असतंय. प्रश्न एवढाच की तो पूर्वीपेक्षा जास्त पडतोय काय. क्रॉसटॉकनं नेमकं हेच होतं. एक काडी एकटी हलली तर तिचा आवाज रुंद पसरतो, पण तिच्यासोबत शेजारच्या दोघी हलल्या तर ती जणू रुंद काडी झाली, आणि काडी जितकी रुंद तितका आवाज समोर एकवटतो. शिवाय शेजारच्या दोघी थोड्या उशिरानं हलतात, त्यामुळं ठराविक कोनात तिघींचे आवाज एकमेकांना मारतात आणि तिथं खड्डा पडतो. म्हणून जुने स्कॅन काढा. कॅलिब्रेशनच्या त्याच ब्लॉकवरच्या त्याच भोकाचा प्रत्येक कोनाचा सिग्नल आजच्याशी ताडून बघा. जुनं काहीच साठवलेलं नसेल तर निदान आजचं साठवा.

एवढं करून थरथरीचाच क्रॉसटॉक निघाला, सरकत जाणारा, आणि उणे २० च्या जवळ, तर मात्र तो तुमच्या हातानं बरा होणार नाही. चिरा आतूनच नीट पाडायला लागतात, पुढच्या थरापासून थेट मागच्या ठोकळ्यात थोडं शिरेपर्यंत, चिरेत आवाज गिळणारा मऊ माल भरायला लागतो, किंवा पहिल्यापासून पॉलिमरमध्ये सिरॅमिकचे खांब उभे केलेला कंपोझिट प्रोब घ्यायला लागतो. एक विनंती, प्रोबच्या तोंडावर ओरखडा पडला म्हणून कुणी त्यात कडक इपॉक्सी भरून घासून देतो म्हणाला तर देऊ नका. तो कडक लेप दहावीस काड्यांवर पूल टाकतो आणि नसलेला क्रॉसटॉक तयार होतो.

मालकांना सांगायला आकडे घेऊन जा. आधीचा आणि कनेक्टर वाळवल्यानंतरचा, दोन्ही.

प्रश्न : क्रॉसटॉक या शब्दाला मराठी शब्द नाही काय? आम्ही मराठी माध्यमात शिकवतो, मुलं विचारतात.
— एक शिक्षिका, निपाणी

उत्तर : बाई, शब्द मूळचा टेलिफोनवाल्यांचाच. पूर्वी फोनवर बोलताना मधेच तिसऱ्याच माणसाचं बोलणं ऐकू यायचं, त्याला आपण लाईन क्रॉस झाली म्हणायचो, शेजारच्या तारेतलं बोलणं आपल्या तारेत उतरायचं ते. मुलांना तेवढं सांगितलं तरी अर्थ पोचतो. पण वर्गात शब्दच हवा असेल तर मी पाझर म्हणेन. भाताच्या वाफ्यात पाणी बांधलं की बांध कितीही चांगला घातलेला असूदे, थोडं पाणी शेजारच्या वाफ्यात पाझरतंच. खालच्या उत्तरांत मी तोच शब्द वापरतो, बघा पटतोय काय.

प्रश्न : माझ्या मिस्टरांची सोनोग्राफी एका ठिकाणी केली, किडनीत काहीतरी धुरकट दिसतंय म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले साधी पाण्याची गाठ आहे, काळजीचं कारण नाही. मशीनच खराब असू शकतं का?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : ताई, आधी हे, दोन्ही रिपोर्ट आणि दोन्ही ठिकाणचे फोटो घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं जा, कुठला धरायचा आणि पुढची तपासणी हवी की नको ते तेच सांगतील. मी फक्त मशीनचं सांगतो.

पाण्याची गाठ सोनोग्राफीत काळी दिसायला पाहिजे, कारण नुसत्या पाण्यातून आवाज परत फिरत नाही, आणि गाठीच्या मागचा भाग उजळ दिसतो. पोटाच्या प्रोबमध्ये पण वर सांगितल्या तशाच काड्या असतात, १२८ किंवा जास्त, ३.५ मेगाहर्ट्झला शरीरातली तरंगलांबी ०.४४ मिलिमीटर म्हणजे सगळा खेळ अगदी बारीक मापाचा. काड्यांत पाझर वाढला की बीमच्या कडेनं नको तिकडं थोडा आवाज जातो, तिथनं परत येतो आणि मशीन तो गाठीच्या काळ्या जागेत रंगवतं, काळं होतं ते करडं होतं. पण ताई, असा धुरळा दुसऱ्या पाचसहा कारणांनी पण येतो. पोटावरची चरबी, आतड्यातला गॅस, गेन जास्त ठेवलेला, गाठ छोटी आणि बीम जाड, प्रोबचा कोन. त्यामुळं पहिल्या सेंटरचं मशीन खराबच होतं असं मी म्हणणार नाही. एलिमेंट मेलेला असेल तर मात्र चित्रात वरच्या बाजूपासून खाली उतरणारी सावलीसारखी काळी पट्टी दिसते. सेंटरवाले प्रोब हवेत धरून कागदाला लावायची यू पिन सरळ करून त्याच्या तोंडावरून हळूच फिरवतात, पिन मेलेल्या काडीवर आली की तिथली चमक पडते. पाच मिनिटांचं काम आहे आणि प्रत्येक सेंटरनं ते अधनंमधनं करावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : काका, मी डिप्लोमाला आहे. उसाच्या ट्रॉलीला मागं चार अल्ट्रासॉनिक सेन्सर लावून रिव्हर्स घेताना इशारा देणारा प्रोजेक्ट करतेय. एकटा सेन्सर बरोबर दाखवतो, चारही लावले की रीडिंग उड्या मारतं, आणि एकाचं तर कायम ३ सेंटिमीटरच येतं. दुसरं, भंगारात सोनोग्राफीचा जुना प्रोब मिळतोय, तो घेऊन उघडून बघू का?
— एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : दुसऱ्याचं आधी सांगतो, नको. पीझेडटीत शिसं असतं, कापलं घासलं की त्याची पूड नाकातोंडात जाते. शिवाय सोनोग्राफीच्या मशीनांची खरेदी-विक्री गर्भलिंग तपासणी रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली येते, नोंदणी नसलेल्याला ती विकता येत नाहीत, तेव्हा त्या मालाच्या जवळपासच जाऊ नको.

आता ट्रॉली. तुझे सेन्सर ४० किलोहर्ट्झचे, एचसी-एसआर०४ सारखे असणार. ते आठ आवर्तनांचा एक आवाज सोडतात आणि परत येणारा ऐकतात, पण तो आवाज आपला की शेजाऱ्याचा हे त्यांना ओळखता येत नाही. म्हणून चौघांना एकदम बोलू देऊ नको. ४ मीटरवरून आवाज जाऊन यायला, हवेतला वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर, साधारण २३ मिलिसेकंद लागतात, आणि लांबच्या भिंतीवरून उशिरा येणारा आवाज पण मरायला हवा, म्हणून प्रत्येकाला ६० मिलिसेकंद दे. चार सेन्सरचा एक फेरा २४० मिलिसेकंदांचा झाला. ट्रॅक्टर चालण्याच्या वेगानं, सेकंदाला एक मीटर मागं येत असेल तर तेवढ्यात तो २४ सेंटिमीटर सरकतो, तेव्हा इशाऱ्याचं अंतर ठरवताना हे २४ धर. एको आलाच नाही तर काही मॉड्यूलची एको पिन बराच वेळ हाय राहते, कोडमध्ये टाइमआउट घाल.

कायम ३ सेंटिमीटर दाखवणारा मात्र वेगळ्या वाटेचा वाटतोय. चारही सेन्सर तू एकाच पत्र्यात भोकं पाडून घट्ट बसवलेस ना? मग आवाज पत्र्यातून पाझरतोय. ३ सेंटिमीटर म्हणजे जाऊन येऊन ६, हवेत त्याला ०.१७ मिलिसेकंद लागतात, आणि पत्र्यातली थरथर तेवढ्या वेळात सहज पोचते. खात्री करायला त्या सेन्सरच्या दोन्ही डोळ्यांवर (आवाज सोडणारा आणि ऐकणारा) फोमचा जाड तुकडा दाब आणि रीडिंग बघ. ३ तसंच राहिलं तर पत्राच गुन्हेगार. मग भोक थोडं मोठं कर, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून सेन्सर त्यात सैलसर बसव, धातू धातूला कुठंच टेकू देऊ नको, स्क्रू लावलास तर त्याच्याखाली पण रबराचा वायसर घाल. आणि ट्रॉलीवर कायमचं बसवणार असशील तर एका डोळ्याचा वॉटरप्रूफ प्रकार घे, उसाचा चिखल आणि मळी उघड्या जाळीत बसली की महिन्यात सेन्सर बहिरा होतो.